2024 ला आपला नंबर 96 वा, पण मोजलं नक्की काय?

दरवर्षी जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत ती बातमी येते आणि मग दोन-तीन दिवस सगळ्या ग्रुपवर तेच. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलचा भ्रष्टाचाराचा इंडेक्स. 2024 च्या यादीत भारत 180 देशांत 96 वा, 100 पैकी 38 मार्क (मार्क जितके जास्त तितका देश स्वच्छ). डेन्मार्क पहिला, 90 मार्क. तळाला साउथ सुदान, 8 मार्क. लगेच कोणीतरी लिहितं "आपलं काही होणार नाही", दुसरं कोणीतरी "आपल्या रक्तातच आहे ते", आणि मग परदेशात असलेला कुणाचा तरी दीर किंवा भाचा लिहितो की इकडे येऊन इतकी वर्षं झाली, एक पैसा कधी कुणाला द्यावा लागला नाही. मला हे वाचून दरवेळी राग येतो. भारतात भ्रष्टाचार नाही असं माझं अजिबात म्हणणं नाहीये, मी रस्त्याच्या कामांच्या बिलिंगमध्ये काही वर्षं काढलीत, काय चालतं ते मी जवळून पाहिलंय. राग याचा येतो की त्या 38 मध्ये काय मोजलंय आणि काय मोजलेलंच नाही हे कोणी बघत नाही, आणि तरी त्या आकड्यावरून आपण सव्वाशे कोटींहून जास्त लोकांचं कॅरेक्टर ठरवून मोकळे होतो.

तर आधी हे बघू की हा इंडेक्स बनतो कसा. ट्रान्सपरन्सी ही संस्था 1993 साली बर्लिनमध्ये सुरू झाली, पीटर आयगन म्हणून वर्ल्ड बँकेतून बाहेर पडलेल्या माणसाने सुरू केली. 1995 ला पहिली यादी आली, तेव्हा फक्त 41 देश होते, न्यूझीलंड पहिला, इंडोनेशिया शेवटचा, आपण 35 वे. हा इंडेक्स कुठल्याही देशात जाऊन लाच मोजत नाही. दुसऱ्या संस्थांचे 13 सर्व्हे आणि रिपोर्ट घेतात, वर्ल्ड बँकेचा, वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा, इकॉनॉमिस्टवाल्यांच्या इंटेलिजन्स युनिटचा वगैरे, त्यातून त्या देशाबद्दल तज्ज्ञांना आणि कंपन्यांच्या मोठ्या अधिकाऱ्यांना काय वाटतं ते काढतात आणि सरासरी करतात. एखाद्या देशाचे किमान तीन सोर्स मिळाले की झाला तो देश यादीत. म्हणजे हे मत आहे, तेही ठराविक लोकांचं. रेशन दुकानासमोर उभ्या असलेल्या बाईला कुणी विचारलेलं नाही. आणि दुसरी गोष्ट, हा सगळा हिशोब फक्त सरकारी क्षेत्राचा आहे. खाजगी कंपन्या काय करतात, बँका कुणाचा पैसा लपवतात, टॅक्स कोण चुकवतं, यातलं काही त्यात धरतच नाहीत. संस्था स्वतः हे उघड सांगते, त्यात त्यांची लपवाछपवी काही नाही. बातमी करणारे ते गाळतात आणि फॉरवर्ड करणाऱ्याच्या हातात नुसती रँक उरते.

गंमत म्हणजे हीच संस्था दुसरा एक सर्व्हे करते, ग्लोबल करप्शन बॅरोमीटर, त्यात मात्र साध्या लोकांना थेट विचारतात की गेल्या 12 महिन्यांत तुम्ही पोलीस, दवाखाना, शाळा, दाखले यासाठी लाच दिली का. 2020 च्या आशियातल्या सर्व्हेत भारतात अशा सेवांशी काम पडलेल्या लोकांपैकी 39 टक्के लोकांनी हो म्हटलं, सर्व्हे झालेल्या आशियाई देशांत सगळ्यात जास्त. हा आकडा मला त्या 38 मार्कांपेक्षा कितीतरी जास्त लागतो, कारण हा खरा, खिशातून गेलेल्या पैशाचा आहे. पण त्याच सर्व्हेतला जपान बघा. लाच दिलेले लोक 2 टक्के, आणि सरकारमधला भ्रष्टाचार हा मोठा प्रॉब्लेम आहे असं वाटणारे 85 टक्के. आणि कंबोडियात उलटं, लाच दिलेले 37 टक्के पण तो मोठा प्रॉब्लेम वाटणारे साधारण एक तृतीयांशच. म्हणजे जिथे माणसं जास्त देतात तिथे ती जास्त चिडलेली असतील असं नाही, आणि जिथे देतच नाहीत तिथे शांत असतील असंही नाही. युरोपियन युनियनच्या 2014 च्या रिपोर्टमध्ये ब्रिटनचं असंच आहे, 1115 लोकांना विचारलं, त्यातल्या फक्त 5 जणांनी सांगितलं की आमच्याकडे लाच मागितली गेली किंवा अपेक्षित होती, पण आमच्या देशात भ्रष्टाचार बोकाळलाय असं म्हणणारे 64 टक्के. त्या ब्रिटिश माणसांना खोटं ठरवायचं कारण नाही. त्यांना कुणी काउंटरवर शंभर पौंड मागत नाही, पण पक्षांच्या देणग्या, लॉबिंग, लंडनमध्ये बाहेरच्या पैशांनी घेतलेल्या इमारती हे ते रोज पेपरात वाचतात. ते ज्याला भ्रष्टाचार म्हणतायत ती गोष्टच वेगळी आहे.

आता तज्ज्ञांचं. पश्चिम आफ्रिकेतल्या सात आणि मादागास्कर अशा आठ देशांच्या राजधान्यांत घराघरांत जाऊन मोठा सर्व्हे झाला होता, तुम्हाला गेल्या वर्षात लाचेचा अनुभव आला का म्हणून. सरासरी 13 टक्के लोक हो म्हणाले. मग रझाफिंद्राकोतो आणि रूबो या दोन संशोधकांनी त्याच देशांबद्दल काम करणाऱ्या तज्ज्ञांना विचारलं की तुमच्या अंदाजाने लोकांनी काय उत्तर दिलं असेल. तज्ज्ञांचा अंदाज निम्म्याच्या आसपास गेला. आणि ज्या देशाबद्दल अंदाज वाईट, तिथला खरा आकडाही वाईट, असा मेळही बसला नाही. मला हे वाचून धक्काच बसला, कारण याच प्रकारच्या लोकांच्या मतांवर देशांचे मार्क ठरतात आणि मग त्या मार्कांवर कर्ज, मदत, गुंतवणूक यांच्या चर्चा होतात.

पण माझ्या सगळ्यात जवळचा अभ्यास इंडोनेशियाचा आहे, कारण तो रस्त्यांचा आहे. बेंजामिन ओल्केन नावाचा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ, त्याने मध्य आणि पूर्व जावामधल्या 600 हून जास्त गावांतले रस्ते घेतले, वर्ल्ड बँकेच्या पैशातून गावोगाव बांधलेले, खाली वाळू, मग दगड, वर खडी असे साधे ग्रामीण रस्ते. रस्ता झाल्यावर त्याने इंजिनियर पाठवले, त्यांनी रस्त्यात ठिकठिकाणी खड्डे खणून प्रत्येक थर किती जाड आहे ते मोजलं, सर्व्हेयरने त्या भागातले मालाचे भाव काढले, मजुरांना विचारून मजुरी काढली, आणि हा रस्ता खरोखर कितीला झाला असेल ते काढून गावाने दाखवलेल्या खर्चाशी लावून बघितलं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बांधताना थोडा माल तसाही जातोच, दबतो, वाहून जातो, तो चोरीत धरला जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतः छोटे रस्ते बांधून बघितले, जिथे एक पाटीसुद्धा चोरीला गेलेली नाही याची खात्री होती, आणि त्यावरून तेवढी घट वजा केली. साईटवर काम केलेल्या माणसालाच कळेल हे किती प्रामाणिक काम आहे. साधारण 24 टक्के खर्चाचा पत्ता लागला नाही. आणि मग त्याने गावकऱ्यांना विचारलं, तुमच्या रस्त्यात पैसे खाल्ले गेले असं वाटतं का?

लोकांना थोडं कळत होतं, अगदीच अंधारात नव्हते. पण खरोखर गायब झालेला पैसा 10 टक्क्यांनी वाढला तर "इथे खाल्लेत" म्हणणाऱ्यांची शक्यता 1 टक्कासुद्धा वाढत नव्हती. त्याचं कारण मला वाचायच्या आधीच माहीत होतं असं वाटलं. खडीचा भाव जास्त लावला तर गाव ओळखतं, कारण भाव सगळ्यांना माहीत असतो. पण खडी कमी टाकली तर कुणाला कळत नाही, ती जमिनीच्या आत असते. आणि म्हणूनच खाणारे भावात जवळजवळ हात घालतच नव्हते, जे काही होतं ते मालाच्या मापात.

आपल्याकडे हेच आहे, शंभर टक्के हेच आहे. दर डीएसआरने, म्हणजे सरकारी दरसूचीने, ठरलेला, त्यात फार काही करता येत नाही. सगळा खेळ क्वांटिटीत. एमबीमध्ये, म्हणजे मोजमापाच्या पुस्तकात, खडीकरणाचा थर 15 सेंटिमीटर लिहिलाय आणि रस्त्यात पडलाय 10. बघायला काय दिसतं? रोलर फिरलाय, काळं झालंय, कडा सरळ आहेत, नारळ फुटलाय. एक किलोमीटरचा, 3 मीटर रुंदीचा रस्ता धरा. 5 सेंटिमीटर थर कमी म्हणजे 150 घनमीटर खडी, साधारण 53 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट), आलीच नाही. 53 ब्रास! ढीग लावला तर ग्रामपंचायतीसमोरचं पटांगण भरेल. ती कुणाच्याही नजरेला पडत नाही, तिच्याबद्दल कुठल्याही सर्व्हेत कोणी "हो, मी लाच दिली" म्हणत नाही, कारण गावातल्या कुणीच कुणाला काही दिलेलं नाही. आणि त्याच गावात दाखल्यासाठी 200 रुपये मागणारा माणूस मात्र वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी असतो. त्याने मागू नये, ते चूकच आहे, गरिबाला ते 200 फार जड असतात. पण गावाचा सगळा राग त्या 200 वर जातो आणि 53 ब्रासवर कुणी बोलत नाही.

मी एका ठेकेदाराकडे होते तेव्हा बिलाच्या शीटवर थिकनेसचा कॉलम भरताना पोटात गोळा यायचा. प्रत्येक चेनेजला, म्हणजे रस्त्यावरच्या ठराविक अंतराच्या प्रत्येक ठिकाणी, सारखाच आकडा. खऱ्या रस्त्यावर असं कधीच येत नाही, कुठे 14 येईल, कुठे 16. सगळीकडे अगदी 15, 15, 15 असेल तर समजायचं की मोजलेलंच नाही. मी तिथे बोलले, मला सांगण्यात आलं की तुम्ही शीट बघा, साईट बघू नका. त्यानंतर फार दिवस राहिले नाही तिथे.

ओल्केनच्या अभ्यासात अजून एक गोष्ट आहे जी आपल्याकडच्या प्रत्येक गावाने वाचावी. ज्या गावांत वेगवेगळ्या समाजाचे लोक एकत्र राहत होते तिथे एकमेकांवरचा संशय जास्त होता, भ्रष्टाचार होतोय असं वाटणारे जास्त होते. पण खड्डे खणून मोजलं तर तिथे पैसे जास्त गायब झालेले नव्हते. उलट जिथे सगळे एकाच समाजाचे, एकमेकांवर भरवसा ठेवणारे, तिथे पैसे खाल्लेत असं वाटणं कमी, पण पैसे गायब होणं कमी नाही. आपल्याकडे सरपंच आपल्या भावकीचा असला की रस्ता चांगलाच झाला, दुसऱ्याचा असला की खाल्लाच, हे किती वेळा ऐकलंय आपण. रस्ता तोच असतो.

आणि मग कशाने फरक पडला? आधी ऑडिटची शक्यता 4 टक्के होती. काही गावांना आधीच सांगून टाकलं की तुमचं सरकारी ऑडिट होणार म्हणजे होणार, शंभर टक्के. तिथे गायब होणारा खर्च 8 टक्के पॉइंटने खाली आला. नुसत्या जास्त लोकांना मीटिंगला बोलावून सरासरीत फार फरक पडला नाही. लोकांचं मत होतं तिथेच राहिलं असतं तरी चाललं असतं, मोजणारा येणार आहे ही खात्री कामाला आली.

आता वरच्या नंबरच्या देशांकडे येते, कारण तिथे मला सगळ्यात जास्त अन्याय वाटतो. डेन्मार्क यादीत कितीतरी वर्षं पहिल्या दोनात. त्याच डेन्मार्कची सगळ्यात मोठी बँक, डान्स्के बँक, तिच्या एस्टोनियातल्या छोट्या शाखेतून 2007 ते 2015 मध्ये साधारण 200 अब्ज युरो गेले, रशिया आणि आजूबाजूच्या देशांतून आलेले, त्यातला मोठा भाग संशयास्पद. 2018 ला सगळं बाहेर आलं, सीईओने राजीनामा दिला, 2022 ला बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि 2 अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं. 2018 च्या यादीत डेन्मार्क पहिलाच होता. कारण बँक खाजगी, आणि यादी सरकारी क्षेत्राची. पैसा जिथून चोरला त्या देशाचे मार्क गेले, तो जिथून धुऊन निघाला त्या देशाचे तसेच राहिले.

जर्मनीत तर 1999 पर्यंत परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच कंपनीला खर्च म्हणून टॅक्समध्ये दाखवता यायची. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दोनदा वाचलं. आपल्या माणसाला दिली तर गुन्हा, बाहेरच्याला दिली तर धंद्याचा खर्च. पुढे 2008 ला सीमेन्सला अमेरिका आणि जर्मनीत मिळून 1.6 अब्ज डॉलर भरावे लागले, कितीतरी देशांत लाच वाटल्याबद्दल. आणि बोफोर्स आपण कसे विसरू? 1986 चा सौदा, 1437 कोटींचा, तोफा स्वीडिश कंपनीच्या, दलालीचा पैसा स्विस खात्यांत गेल्याचा आरोप, बातमी फोडली 1987 च्या एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने. आपल्याकडे त्यावर सरकार गेलं, अजून निवडणुकीत नाव निघतं. 2024 च्या यादीत स्वीडन 80, स्वित्झर्लंड 81. लाच घेणारा एक असतो तसा देणाराही एक असतो, आणि तो पैसा ठेवायला कपाट देणारा तिसरा. मार्क मात्र एकाचेच कापले जातात.

आइसलँडचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 2005 च्या यादीत हा देश जगात पहिला होता, तेव्हाच्या 10 पैकी 9.7 मार्क. तीन वर्षांनी, ऑक्टोबर 2008 मध्ये, त्यांच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्याच्या आसपास कोसळल्या आणि मग बाहेर आलं की बँकांचे मालक स्वतःच्याच कंपन्यांना कर्जं देत होते आणि लक्ष ठेवणारे त्यांच्याच ओळखीतले होते. तेव्हाच्या साधारण सव्वातीन लाखांच्या देशात सगळे सगळ्यांना ओळखतात. हे एका रात्रीत झालं नाही, 9.7 मार्क मिळत होते तेव्हाही ते चालूच होतं. वाटणं उशिरा बदललं, मार्क हळूहळूच घसरले. 2016 ला पनामा पेपर्समध्ये, म्हणजे परदेशातल्या गुप्त कंपन्यांच्या फुटलेल्या कागदपत्रांत, पत्नीच्या परदेशी कंपनीचं नाव आलं म्हणून त्यांच्या पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं. आणि 2019 ला एका मोठ्या आइसलँडिक मासेमारी कंपनीवर आरोप झाला की नामिबियात मासे पकडायचे कोटे मिळवायला तिथल्या बड्या लोकांना पैसे दिले. कंपनीने आरोप नाकारलेत, पण नामिबियाचे दोन मंत्री राजीनामा देऊन अटकेत गेले. कागदपत्रं बाहेर आणणारा माणूसही आइसलँडचाच, हेही सांगितलं पाहिजे.

अजून एक. चोर पकडले की मार्क कमी होतात. ब्राझीलमध्ये 2014 ला 'लावा जातो' नावाचा तपास सुरू झाला, पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीच्या कंत्राटांतला पैसा, मोठमोठे उद्योजक आणि नेते आत गेले. ब्राझीलचे मार्क 2014 ला 43, 2015 ला 38, 2018 ला 35. त्या तपासावरही पुढे गंभीर आक्षेप आले, न्यायाधीश आणि सरकारी वकील यांचं साटंलोटं निघालं, पण मुद्दा असा की आधी चोरी बिनबोभाट चालू होती तेव्हा मार्क जास्त होते.

आपल्या महाराष्ट्राचंही हेच होतं. एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था, तिच्या आकडेवारीत भ्रष्टाचाराच्या सगळ्यात जास्त केसेस महाराष्ट्रात, 2022 च्या अहवालातसुद्धा आपणच पहिले, आणि पेपरात हेडिंग येतं की महाराष्ट्र भ्रष्टाचारात नंबर वन. अरे, पण या केसेस म्हणजे काय? बहुतेक सापळे आहेत. म्हणजे कुणीतरी सामान्य माणूस, शेतकरी, छोटा ठेकेदार, निवृत्त शिक्षक, लाचलुचपत प्रतिबंधक विभागात गेला, तक्रार दिली, विभागाने दोन पंचांसमोर मागणीची पडताळणी केली, रेकॉर्डर लावून पुन्हा बोलायला पाठवला, मग नोटांचे नंबर लिहून घेतले, त्यांना पावडर लावली, आणि तो माणूस त्या नोटा खिशात घेऊन परत त्याच साहेबासमोर उभा राहिला. त्याला त्याच ऑफिसात आयुष्यभर जायचंय. पैसे हातात पडल्यावर खुणेचा इशारा, धाड, साहेबाचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात, पाणी गुलाबी. एवढी हिंमत ज्या राज्यातले लोक वर्षाला शेकडो वेळा करतात ते राज्य यादीत "सगळ्यात भ्रष्ट". आणि ज्या राज्यात वर्षात मोजून थोड्याच केसेस, ती राज्यं काय स्वच्छ झाली? तिथे एकतर कुणी तक्रारीला जात नाही किंवा गेलं तर कोणी घेत नाही.

मला या सगळ्यात खरी भीती कशाची वाटते सांगते. सगळेच चोर, हे वाटणं नुसतं वाटणं राहत नाही. कोस्टा रिकामध्ये एक प्रयोग झाला, काही लोकांना सांगितलं की देशात भ्रष्टाचार वाढतोय, आणि मग विचारलं की पोलिसाला लाच द्याल का. ज्यांना हे सांगितलं होतं ते द्यायला जास्त तयार निघाले. नायजेरियात लागोस शहरात भ्रष्टाचाराविरुद्धचे संदेश ऐकवून मग एक खेळ खेळायला दिला, ज्यात लाच देऊन जास्त पैसे मिळवता येत होते, तर जनजागृतीचे संदेश ऐकलेल्यांतले बरेच जण उलट जास्त लाच द्यायला लागले. कारण संदेशाने त्यांना एवढंच पटलं की सगळे देतायत, मी एकटा कशाला अडून राहू.

आपल्याकडे हे रोज घडतं. आमच्या घरी वारस नोंदीचं काम होतं, सासरे गेल्यानंतरचं. घरातल्या मोठ्यांनी अर्ज करायच्या आधीच एजंट बघितला, पैसे बाजूला काढून ठेवले, कोणीही काहीही मागितलेलं नसताना. मी म्हटलं आधी अर्ज तर करू. त्यावर "तू लहान आहेस, तुला माहीत नाही" हे ऐकून घ्यावं लागलं. अर्ज दिला, पोच घेतली, नोटीस निघाली, मुदत संपली, वेळ लागला, दोन-तीन चकरा झाल्या, एकदा बरंच ताटकळलो, पण फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर नावं लागली. सगळीकडे असं होतं असं मी म्हणत नाही, 39 टक्के हा आकडा उगाच आलेला नाही. पण न मागता किती दिले जातात हे कोणीच मोजत नाही. दिल्लीत ड्रायव्हिंग लायसन्सवर अभ्यास झाला होता, 822 लोकांचा, त्यातही थेट अधिकाऱ्याला लाच देणारे जवळपास नव्हतेच, सगळं एजंटमार्फत, आणि एजंटकडून गेलेल्या बहुतेकांची ड्रायव्हिंग टेस्टच झाली नाही. आपण एजंटला देतो ते पैसे मनात "फी" म्हणून जमा होतात. मग गाडी नीट चालवता न येणारा कुणीतरी दुसऱ्याला ठोकतो, त्याचा संबंध आपण त्या फीशी लावत नाही.

आणि "रक्तातच आहे" म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. 2013 मध्ये रीडर्स डायजेस्टने 16 शहरांत प्रत्येकी 12 पाकिटं मुद्दाम टाकली, आत साधारण 50 डॉलरइतके तिथले पैसे आणि फोन नंबर. हेलसिंकीत 11 परत आली. दुसरा नंबर कुणाचा? मुंबईचा, 9. झुरिकला 4 आणि लिस्बनला 1. 12 पाकिटांवरून शहराचं सर्टिफिकेट देता येत नाही हे मला कळतं, पण रक्ताचा सिद्धांत मांडायला लोकांना तेवढंही लागत नाही. दुसरी गोष्ट उलट बाजूची, तीही सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये यूएनमधल्या परदेशी डिप्लोमॅट्सकडून पार्किंगचा दंड वसूल करता येत नसे. तेव्हा नॉर्वे, स्वीडन, जपानच्या लोकांचे न भरलेले दंड शून्य, आणि कुवेतच्या प्रत्येक डिप्लोमॅटमागे वर्षाला साधारण अडीचशे. जे देश भ्रष्टाचाराच्या अशा सर्व्हेंवरून केलेल्या इंडेक्समध्ये खाली, त्यांचे दंड साधारण जास्त होते. म्हणजे माणूस आपल्या घरची सवय बरोबर नेतो आणि असे इंडेक्स अगदीच हवेतले नाहीत, हे मान्य. पण 2002 च्या अखेरीस शहराने दंड न भरणाऱ्यांच्या डिप्लोमॅटिक नंबर प्लेट काढून घ्यायला सुरुवात केली आणि न भरलेले दंड 98 टक्क्यांच्या आसपास कमी झाले. तेच देश, तीच माणसं, बदलली ती एकच गोष्ट.

2012 ला नव्या पद्धतीने मार्क द्यायला लागले तेव्हा भारताला 36 होते, 2024 ला 38. बारा वर्षांत दोन मार्क. या काळात गॅसची सबसिडी आणि शिष्यवृत्ती थेट खात्यावर यायला लागली, सातबारा ऑनलाइन झाला, 2015 ला महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आला, आणि दुसरीकडे इलेक्टोरल बॉण्ड आले, कोण कुणाला किती देतंय हे मतदाराला कळणारच नाही अशी कायदेशीर सोय, जी सुप्रीम कोर्टाने 15 फेब्रुवारी 2024 ला घटनाबाह्य ठरवली. काउंटरवरची चिरीमिरी काही ठिकाणी कमी झाली, वरचा पैसा वेगळ्या वाटेने गेला, काही ठिकाणी काहीच बदललं नाही. हे सगळं एका आकड्यात कसं बसेल? तो आकडा 40 झाला म्हणून मी खूश होणार नाही आणि 35 झाला म्हणून रडणार नाही. मला आमच्या तालुक्यात किती लोकांना दाखल्यासाठी पैसे द्यावे लागले ते हवंय, ऑफिसनुसार, वर्षानुसार. आणि रस्त्यात किती खडी आहे ते हवंय.

त्यातलं दुसरं तर आपल्या हातात आहे आणि बहुतेकांना माहीतच नाही म्हणून मुद्दाम लिहिते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात नुसते कागद मागायचा हक्क नाहीये. कलम 2 मध्ये स्पष्ट लिहिलंय, कामाची पाहणी करता येते आणि मालाचे प्रमाणित नमुने घेता येतात. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. आपल्या गावच्या रस्त्याच्या कामाचं एस्टिमेट, एमबीची पानं आणि टेस्ट रिपोर्ट एवढंच मागा. एमबीतला थिकनेस बघा, सगळ्या चेनेजला एकच आकडा दिसला तर पुढचा अर्ज नमुन्यासाठी आणि पाहणीसाठी करा, पाहणीला जाताना मोजपट्टी आणि गावातले दोन-चार जण बरोबर न्या, प्रत्येक खड्ड्याचा फोटो पट्टीसकट काढा. लाच मागितली असेल तर एसीबीचा, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, टोल फ्री नंबर 1064. एमबी कशी वाचायची हे कुणाला समजून घ्यायचं असेल तर पानांचे फोटो काढून ठेवा, पुढच्या पोस्टमध्ये मी एक-एक कॉलम घेऊन लिहिणार आहे.